आज गुरू, गॅस बंद

माझ्याकडे एक हिरवी फाइल आहे. तिच्या पाठीवर मी मार्करने ‘घरमालक : चिठ्ठ्या’ असं लिहून ठेवलं आहे. आत दोनशे अकरा चिठ्ठ्या आहेत, तारखेप्रमाणे लावलेल्या. बहुतेकींचा मजकूर एकच : ‘आज गुरू. ७.२० ते ८.१०. गॅस बंद.’ कधी गुरूच्या जागी शनी किंवा मंगळ, कधी गॅसच्या जागी कूलर. विनंती नाही, सही नाही, कारण तर नाहीच. संध्याकाळी कामावरून येऊन मी कुलूप काढलं की उंबऱ्याच्या आत ती पडलेली असायची, आणि चप्पल काढायच्या आधीच मी मनात स्वयंपाकाचं वेळापत्रक बदलायला लागायचे.

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि हवा तेव्हा कुकर लावतो. लोक विचारतात, तेव्हाच घर का नाही बदललं? त्याचीही मी एकदा यादी केली होती. सोडण्याची कारणं चौदा भरली, राहण्याची तीन : बोअरला बारमाही पाणी, एमआयडीसी स्कूटीवर दहा मिनिटं, आणि घरमालकीण काकू. चौदा विरुद्ध तीन असूनही आम्ही तिथे साडेचार वर्षं काढली.

मालक आमच्याच कंपनीतून निवृत्त झालेले. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. उगवण, शुद्धता, ओलावा या तपासण्या आणि त्यांची रजिस्टरं माझ्याकडे असतात. ते तिथे कलर सॉर्टर चालवायचे. या यंत्रात दाणे वरून धारेनं पडतात, मध्ये कॅमेरे असतात, आणि रंगाने वेगळा दिसणारा दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवला जातो. कोणता रंग वेगळा समजायचा, हे मात्र यंत्राला माणसाने शिकवावं लागतं. ते शिकवण्याचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं. इंजिनिअर लोक पडद्यावरचे आकडे बघायचे. मालक मूठभर दाणे तळहातावर घेऊन उन्हात जायचे आणि परत येऊन एकच शब्द बोलायचे. ‘पास’ किंवा ‘न्हाई’. त्यांनी पास केलेला लॉट रंगापायी परत आल्याची नोंद माझ्या रजिस्टरात एकही नाही. हे त्यांनाही माहीत होतं आणि ते कुणाला विसरू देत नसत.

घर घोड्याच्या नालेच्या आकाराचं. मधोमध अंगण, दक्षिणेला त्यांच्या तीन खोल्या, पूर्वेच्या टोकाला एक खोली आणि पश्चिमेच्या टोकाला एक. ही दोन टोकं आम्हाला भाड्याने मिळाली होती. पूर्वेला स्वयंपाकघर, पश्चिमेला झोपायची खोली. म्हणजे जेवायला अंगण ओलांडायचं, झोपायला अंगण ओलांडायचं, आणि अंगणाच्या बरोबर मध्यावर सिमेंटच्या ओट्यावर त्यांची आठ इंची आरशाची दुर्बीण. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गच्चीवरच्या सोलरची टाकी कुणीतरी खाली उतरवून ठेवली आहे.

ग्रह पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात, हे मी शाळेत शिकले होते. त्याचा माझ्या कुकरशी संबंध आहे हे त्या घरात कळलं. हंगामाच्या सुरुवातीला गुरू संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या छपरावरून वर यायचा. खाली गॅस चालू असला की गरम हवा वर जाणार, दुर्बिणीच्या आड येणार आणि गुरू ‘उकळणार’. म्हणून गॅस बंद. चार-पाच महिन्यांनी तोच गुरू संध्याकाळी पश्चिमेला, आमच्या झोपायच्या खोलीवर पोचायचा. तोवर एप्रिल आलेला असायचा. मग कूलर बंद. मधले काही आठवडे तो दक्षिणेला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चुलीवर असे. तिथे काकू भाकरी थापत असायच्या, मिरचीचा ठसका अंगणभर पसरलेला असायचा. पण त्या दारात कधी चिठ्ठी पडली नाही. तेवढी हिंमत त्या माणसात नव्हती.

एका एप्रिलात माझा नवरा, जो सहसा कुणाला काही बोलत नाही, बनियनवरच अंगणात गेला. दुर्बिणीच्या बुडाशी टेबलफॅन लावलेला होता, तीन नंबरवर. आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला नाही तर चित्र थरथरतं, म्हणून तिला तासभर आधी बाहेर काढून वारा घालायचा असतो. नवऱ्याने विचारलं, काका, हिला पंखा आणि आम्हाला घाम, हा कुठला न्याय?

“तुमाला घाम येतो, तुमी आपोआप गार व्हता,” मालक म्हणाले. “हिला घाम येत न्हाई. हिला पंखाच लागतो.”

नवरा परत आला आणि मला विचारू लागला, हे बरोबर आहे का. बरोबर होतं. त्यांच्यावर चिडण्यातली खरी अडचण हीच होती. वागणं असह्य, पण मुद्दा चुकीचा नसायचा. मी भांडायला कागदावर मुद्दे काढून जायचे आणि अर्ध्यावर माझेच मुद्दे खोडून परत यायचे.

त्यांच्या फिल्टरांचंही सांगायला हवं. हे फिल्टर म्हणजे नाण्याहून थोड्या मोठ्या रंगीत काचेच्या चकत्या. त्या ठेवायला त्यांनी काकूंचा स्टीलचा मसाल्याचा डबा उचलला होता. सहा वाट्यांत लाल, हिरवी, निळी, पिवळी, जांभळी आणि एक पार काळी दिसणारी चकती. सातव्या वाटीत बियाण्याच्या पाकिटात टाकतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. “रुखवतात आल्ता तो डबा,” काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “आता गुरूच्या सेवेत गेला. मी मोहरी श्रीखंडाच्या डब्यात ठिवते.” डब्याला त्यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. काकूंनीसुद्धा नाही.

त्यांचा कॅमेरा काळा-पांढरा होता. लाल काच लावून एकदा, हिरवी लावून एकदा, निळी लावून एकदा असं चित्रण करायचं, आणि मग कॉम्प्युटरवर तिन्ही मिसळून रंगीत ग्रह तयार करायचा. सरळ रंगीत कॅमेरा का घेत नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, नापास लॉटकडे बघावं, तसं बघितलं. सगळा माल एकदम आला की निवड बारीक होत नाही, म्हणाले. चित्रण म्हणजे हजारो चित्रांची रांग. त्यातली हवा स्थिर असतानाची मोजकी चित्रं ठेवायची, बाकीची फेकायची, राहिलेली एकावर एक रचायची. “तिथं ज्वारी पडायची, इथं गुरू पडून राह्यला. सॉर्टरच हाय हा बी.”

फेकायची म्हणजे खरोखर फेकायची. अंतिम चित्र तयार झालं की ते मूळ चित्रण पुसून टाकायचे. मोठी डिस्क घ्या, मूळ माल जपून ठेवा, पुढे कधी लागेल, हे मी त्यांना किमान दहा वेळा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. पास झालेला लॉट पुन्हा चाळत नाहीत.

मी त्यात कशी अडकले, तर स्वतःच्या स्वभावाने. गुरू स्वतःभोवती फार भराभर फिरतो. तिन्ही रंग पाच-सहा मिनिटांत उरकले नाहीत तर त्याच्या अंगावरचा ठिपका लाल चित्रात एका जागी आणि निळ्या चित्रात दुसऱ्या जागी पडतो, आणि सगळं फरपटल्यासारखं दिसतं. पहिल्या वर्षी मी गॅस बंद करून, रिकाम्या हाताने स्वयंपाकघराच्या दारात बसलेली असायचे. समोर मालक मोबाइलच्या उजेडात काचा बदलतायत, घड्याळ बघायला विसरतायत, कोणता रंग झाला ते स्वतःलाच विचारतायत. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. मी एक तक्ता आखला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले. लाल, नव्वद सेकंद. बदला. हिरवा, नव्वद. बदला. त्या दिवसापासून घरात स्वयंपाक बंद, नवरा उपाशी आणि मी अंगणात सेकंद मोजतेय, असा संसार सुरू झाला. त्यांनी कधी आभार मानले नाहीत. एकदा शेजाऱ्याला म्हणाले, “ताईचा टायमिंग बराबर असतो.” मी आठवडाभर खूश होते आणि त्याचा मला फार राग आला.

पुढे निळ्याची तक्रार सुरू झाली. निळा फिल्टर मेला, असं ते एक दिवस म्हणाले. त्यातून डोळ्याने बघितलं की अंधारं दिसतं, नीट फोकस होत नाही. काच पुसून झाली, डोळ्यात टाकायच्या थेंबांच्या बाटलीतून पाणी सोडून धुऊन झाली. मग नवी मागवली. नवीही मेलेली निघाली. दुकानदाराला त्यांनी तीन कडक पत्रं लिहिली, ती टाइप मी केली. त्यानंतर दोष हवेतल्या धुळीवर गेला, मग कॅमेऱ्यावर, मग माझ्या नव्वद सेकंदांवर. निळ्याला जास्त वेळ द्या, म्हणाले. मी तक्ता बदलला. आणि तरीही, चित्र तयार करताना, गुरू फार पिवळा दिसतो म्हणून ते निळा रंग हाताने वाढवायचे. चित्र ओसरीच्या भिंतीवर लागायचं. त्या भिंतीसमोरून मी दिवसात चार वेळा जायचे आणि मला काहीही दिसलं नाही. हे मी माझ्या चुकांच्या यादीत लिहून ठेवलं आहे.

चौथ्या वर्षी घनसावंगीच्या एका शाळेकडून निरोप आला. विज्ञान प्रदर्शनात त्यांची बारा चित्रं मोठी करून लावायची होती, आणि त्यांनी मुलांशी बोलायचं होतं. आजवर त्यांचं काम कुणी मागितलं नव्हतं. नातेवाईक चित्रं बघून ‘छान’ म्हणायचे आणि चहा कधी येतो ते बघायचे. या माणसाने तीन आठवडे आधी शर्टाला इस्त्री करून ठेवली. “लग्नात न्हाई केली,” काकू म्हणाल्या. “चुरगळल्याला सदरा घालूनच उभे व्हते.” चित्रं फ्लेक्सवर छापून आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे यादी असते.

फ्लेक्सवाला वाढदिवसाचे फलक छापणारा तरुण माणूस. पहिलं चित्र पडद्यावर उघडून त्याने विचारलं, मॅडम, हा कोणता ग्रह?

“गुरू.”

“असं व्हय,” तो म्हणाला. “मी नेपच्यून समजून राह्यलो.”

मग त्याने स्वतःच्या मोबाइलवर गुरूचं एक चित्र काढून बाजूला धरलं. दुधाळ, बदामी पट्टे असलेला. आमचा गुरू ताकात शाई सांडल्यासारखा होता. छपाईची चूक नाही, फाइलच अशी आहे, एक बटण दाबलं की ठीक करून देतो, असं तो सांगत होता. मी त्याला थांबवलं आणि बाराही चित्रं वर्षांच्या क्रमाने एका रांगेत लावायला सांगितली. पहिलं बदामी होतं. तिसऱ्या-चौथ्यापासून कड निळसर होत होती. शेवटची तीन तर उघडउघड निळी.

मला माझी आई आठवली. डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधीची दोन वर्षं ती पांढऱ्या कपड्यांना इतकी नीळ घालायची की वडील निळसर सदऱ्यात फिरायचे. तिला विचारलं तर म्हणायची, कपडे पिवळे पडलेत, तुम्हाला दिसत नाही. मोतीबिंदू पिकत जातो तसं माणूस पिवळट काचेतून बघत असतो. ते इतकं हळूहळू होतं की त्याला सगळं जगच पिवळं पडल्यासारखं वाटतं. निळा फिल्टर कधी मेलाच नव्हता.

आता दोन मार्ग होते. फ्लेक्सवाल्याकडून गुपचूप रंग सुधारून घ्यायचा. शाळेत गुरू बदामी दिसला असता, पण मालकांच्या डोळ्यांना तो हळदीसारखा पिवळा दिसला असता आणि भर प्रदर्शनात त्यांनी फ्लेक्सवाल्याचा उद्धार केला असता. शिवाय डोळा तसाच राहिला असता, आणि त्याच डोळ्याने ते रोज गावात स्कूटर चालवत होते. दुसरा मार्ग, सांगायचं. बावीस वर्षं ‘पास’ आणि ‘न्हाई’ यांवर जगलेल्या माणसाला सांगायचं की तुमचा डोळा नापास आहे. काकूंनी डॉक्टरचं नाव दोनदा काढून बघितलं होतं. दोन्ही वेळा ते जेवणावरून उठून गेले होते. तोंडी सांगून उपयोग नव्हता. त्यांचा विश्वास फक्त दाण्यावर होता.

रविवारी दुपारी मी प्रयोगशाळेतून आणलेली ज्वारी थाळीत घेऊन अंगणात गेले. पांढरी शुभ्र ज्वारी, आणि तिच्यात जुन्या साठ्यातले पिवळे पडलेले वीस दाणे, मोजून मिसळलेले. एका लॉटबद्दल शंका आहे, जरा बघून द्या, म्हटलं. त्यांना ते आवडलं. थाळी उन्हात धरली, हलवली, मूठभर ज्वारी तळहातावर पसरली, बोटाने फिरवली.

“एका रंगाची हाय,” म्हणाले. “पास.”

नीट बघा काका, म्हटलं.

“बघितलं की. बिलकुल बराबर हाय. तुमी लोकं आजकाल उगं शंका काढता.”

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांना मी काहीही सांगितलं नव्हतं. समोर धान्याची थाळी दिसली की ज्या बायकांचे हात आपोआप चालायला लागतात, त्यातल्या त्या. खाली बसल्या, थाळी मांडीजवळ ओढली आणि राजूरला चतुर्थीला किती गर्दी होती, रांगेत त्यांच्या पुढची बाई कशी मध्येच घुसली, हे मला सांगता सांगता दाणे निवडू लागल्या. एक पिवळा दाणा बाजूला फरशीवर. बोलता बोलता दुसरा. मग तिसरा. मालक बघत होते. फरशीवरची ढिगली वाढत होती आणि काकूंची गोष्ट दर्शनापर्यंत पोचली होती. प्रसाद घेऊन त्या देवळाबाहेर आल्या तोवर थाळी निवडून झाली होती.

“किती निघाले?” मालकांनी मला विचारलं.

“वीस.”

“टाकले किती व्हते?”

“वीस.”

काकू थांबल्या. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्या ज्या झटक्याने पदराने हात पुसून उठल्या, त्यावरून मला वाटलं आता बोलतील. पण त्यांनी थाळी मालकांच्या पुढ्यात सरकवली. मालकांनी ते वीस दाणे उचलले, पांढऱ्या ज्वारीशेजारी धरले, उजवा डोळा झाकून बघितले, डावा झाकून बघितले. मग खिशात टाकले आणि आत गेले. त्या संध्याकाळी गुरू स्वच्छ होता. चिठ्ठी आली नाही. मी गॅस पेटवला, कुकर लावला आणि मला तो स्वयंपाक गोड लागला नाही.

तीन दिवसांनी मी त्यांना फ्लेक्सबद्दल विचारलं. मला वाटलं, प्रदर्शन रद्द करतील, नाहीतर रंग सुधारून घ्या म्हणतील. त्यांनी दोन्ही नाही म्हटलं. “मी पास केल्याला लॉट हाय. जसा हाय तसा जाईल.” मी डोक्याला हात लावला.

घनसावंगीला आम्ही एसटीने गेलो. फ्लेक्सची गुंडाळी माझ्या मांडीवर, कारण वर सामानात टाकली तर तिला पोचे पडतील. शाळेच्या व्हरांड्यात बारा चित्रं ओळीने लागली. मालक इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले आणि लाल काच, हिरवी काच, निळी काच असं समजावू लागले. सातवी-आठवीतली एक मुलगी शेवटच्या चित्रासमोर रेंगाळत होती. तिने विचारलं, सर, आमच्या पुस्तकात गुरू असा नाही, हा निळा का आहे?

मुख्याध्यापक हसून काहीतरी सावरायला पुढे झाले. मालकांनी त्यांना हाताने थांबवलं.

“गुरू निळा नसतो बाळ,” ते म्हणाले. “हा माझ्या डोळ्याचा रंग हाय. मला मोतीबिंदू झाला आन् मला कळलं न्हाई. ह्या पहिल्या चित्रापासून बघत ये. माझा डोळा कसा कसा गेला ते ह्या भिंतीवर दिसतं तुला.”

मग मुलं ती रांग पुन्हा पहिल्यापासून बघत गेली, आणि या वेळी त्यांना खरंच बघायला काहीतरी मिळालं होतं. इथे ते थांबले असते तर मी त्यांना सगळ्या चिठ्ठ्या माफ केल्या असत्या. पण त्यांनी खिशातून पुडी काढली. वीस पिवळे दाणे आणि मूठभर पांढरी ज्वारी त्यांनी बरोबर आणली होती. सगळ्या मास्तरांची तिथल्या तिथे तपासणी झाली. मुख्याध्यापकांना वीसपैकी अकरा सापडले. “नापास,” मालक मुलांसमोर म्हणाले. “जल्दी डोळे दाखवा सर.” परतीच्या एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले.

मार्चमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते घरी आले, काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, “तुझी साडी जांभळी हाय व्हय?” काकू म्हणाल्या, सहा वर्षांपासून हीच साडी नेसतेय. मग ते ओसरीवर गेले. भिंतीसमोर किती वेळ उभे होते, ते मी मोजलं नाही. मोजायची सवय असूनही. शेवटी म्हणाले, “मूळ चित्रण पायजे व्हतं, ताई.” मी दहा वेळा सांगितलं होतं हे मी बोलून दाखवलं नाही. ते माझ्या यादीत आहे.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या तारखेला ते गेले नाहीत. काकू रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. मी तावातावाने अंगण ओलांडलं. ते कॉम्प्युटरसमोर उजवा डोळा तळहाताने झाकून बसले होते.

त्यांनी शांतपणे समजावलं. मूळ चित्रण नाही, पण निळं चित्र आहे. ते निळं चित्र डाव्या डोळ्याला अजून बरोबर दिसतं, कारण ते तसल्याच डोळ्याने केलं होतं. मग डाव्याने बघायचं, रंग मनात धरायचा, आणि उजव्याला तोच रंग दिसेपर्यंत निळा कमी करत आणायचा. असं एकेक चित्र सुधारायचं. चार वर्षांचं काम. डावा डोळा दुरुस्त झाला की हे माप कायमचं गेलं.

“डावा डोळा गार्ड सँपल हाय, ताई,” ते म्हणाले. “तुमीच सांगा, लॉट गेला म्हणून गार्ड सँपल फेकून देता का?”

आमच्याकडे विकलेल्या प्रत्येक लॉटची एक पिशवी सीलबंद करून ठेवतात, पुढे तक्रार आली तर ताडून बघायला. ती कपाटं माझ्याच ताब्यात असतात. पुन्हा एकदा मुद्दा चुकीचा नव्हता. पण या वेळी धंदा माझा होता.

“गार्ड सँपलला मुदत असते काका,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले.

“मुदत संपली की ठेवत नाहीत. आणि मुदत लॅब ठरवते. सॉर्टरवाला न्हाई.”

त्यांनी उजव्या डोळ्यावरचा तळहात काढला. मग म्हणाले, “लिहा.”

मी पर्समधून कंपनीचं लेबल काढलं. नमुना : डावा डोळा. मुदत : चालू हंगामात गुरू मावळेपर्यंत. खाली त्यांची सही घेतली. त्यांच्या हातची सही मी पहिल्यांदाच बघितली. चांगली वळणदार होती. लेबल मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलं. पुढचे दोन-अडीच महिने ते दिवसभर कधी एक डोळा झाकून, कधी दुसरा, चित्रं सुधारत बसले. “नव्या माणसाला वाटंल, डोळा मारून राह्यलेत,” काकू म्हणायच्या. संध्याकाळी मात्र गुरू पश्चिमेला, आमच्या छपरावर. त्यामुळे त्या वर्षीचा सगळा उन्हाळा, एप्रिल आणि मे धरून, कूलर बंद.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी कामावरून आले तर उंबऱ्याच्या आत चिठ्ठी. दोनशे अकरावी.

‘गुरू मावळला. कूलर चालू करायला हरकत न्हाई. उद्या ९ वाजता डावा डोळा. टायमिंगला तुमी बरोबर यावं ही विनंती.’

खाली सही होती.

मृग लागून तीन दिवस झाले होते. कूलर मी धुऊन, पुसून, ताडपत्रीत बांधून माळ्यावर टाकला होता. मी चिठ्ठीवर तारीख घातली, ती फाइलला लावली आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.